उगारलेल्या नांग्या

गावंडे सर स्टाफरूमच्या दारात पाऊल टाकायचे आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी सगळ्यांच्या कोपरांकडे पाहायचे. चेहऱ्यांकडे नाही, कोपरांकडे. मग आपल्या खुर्चीत बसून, पाण्याचा ग्लास रिकामा करून, कोणा एकाकडे हनुवटीने खूण करत म्हणायचे, "हा आज घरून हारून आला." ज्याच्याबद्दल म्हणायचे तो एकतर ओशाळायचा, नाहीतर चिडायचा. दोन्ही वेळा सरांचं म्हणणं खरं असल्याचं बाकीच्यांना कळून जायचं.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली. अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला मी रुजू झाले, तो पहिला दिवस. मी अकोल्याची, तेव्हापासून आजपर्यंत अपडाउनच करते आहे. त्या सकाळी गाडीत खिडकीजवळच्या जागेवरून एका बाईशी माझी जुंपली, त्या बाईने मला शब्दांत गुंडाळून बाजूला ठेवलं, आणि बडनेरा येईपर्यंत मी दाराशी उभी होते. तिथून ऑटोने कॉलेजात पोचले तर विभागप्रमुख म्हणून हे गृहस्थ समोर. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला शाईचा डाग, केस तेल लावून चपट बसवलेले. माझ्या हातातला रुजू होण्याचा कागद त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

"बसा मॅडम. कोनाशी भांडण झालं?"

मी म्हटलं, भांडण कसलं, उभी राहून आले म्हणून अंग आखडलंय.

"तेच तं म्हंतो मी. कोपरं बरगड्याले चिकटली हायेत तुमची. हारलेला जीव जागा कमी घेते."

मला हा माणूस उद्धट वाटला. आमच्या घरी वडील वकील. बोलण्याआधी दहा वेळा विचार करायचा अशी शिस्त. सर बोलायचे आणि मग विचार करायचे, किंवा करायचेही नाहीत. पण त्यांचा उद्धटपणा वरच्या वर विरून जायचा, मनाला टोचत राहायचा नाही. त्याच दिवशी दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली झुणका-भाकर माझ्यापुढे सरकवली आणि मला त्यांचं राज्य दाखवायला घेऊन गेले.

राज्य म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची एक अंधारी खोली. पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवायचे. सरांनी ती बाहेर काढून निळे प्लास्टिकचे टब मांडले होते. प्रत्येक टबात एका बाजूला पाणी, एका बाजूला दगड, आणि दगडांच्या आड खेकडे. परतवाड्याकडच्या ओढ्यांमधून सर स्वतः ते पकडून आणायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. कणकेचे बारके गोळे आणि उकडलेल्या अंड्याचा बलक हे त्यांचं खाणं. उन्हाळ्यात अमरावती तव्यासारखी तापली की टबांवर ओली पोती टाकलेली असायची, आणि ती वाळू नयेत म्हणून सर दोन तासांमधला वेळ साधून पाण्याचा मग घेऊन धावायचे. मुलं त्यांना पाठीमागे 'खेकडेवाला' म्हणायची. त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना राग आला नसता.

सरांचा प्रयोग साधा होता. टबात दोन खेकडे सोडायचे, एक थोडा मोठा, एक लहान. आधी दोघं नांग्या उगारून एकमेकांचा अंदाज घेतात, मग ढकलाढकली, मग एकजण मागे सरतो. हरलेला पोट जमिनीला टेकवतो, नांग्या अंगाखाली ओढतो आणि दगडाआड जाऊन बसतो. त्यानंतर तो मोठ्याच्या वाटेला जात नाही. दुसऱ्या दिवशी सर या हरलेल्याला पायाच्या सांध्यातल्या मऊ जागी सेरोटोनिनचं थेंबभर इंजेक्शन द्यायचे. थोड्या वेळाने तो खेकडा पाय ताठ करून उभा राहायचा. पोट जमिनीपासून वर, नांग्या पुढे पसरलेल्या, अगदी पैलवान आखाड्यात उतरावा तसा. दगडाआडून निघून तो सरळ त्या मोठ्याच्या अंगावर जायचा.

"सर, हा जिंकला," एखादा मुलगा म्हणायचाच.

"थांब. घाई नको करू."

मग मारामारी व्हायची. मोठा त्याला उलटा पाडायचा, हा उठायचा. पुन्हा पाडायचा, पुन्हा उठायचा. एरवी जो केव्हाच पळाला असता तो हटतच नसे. शेवटी नांगी तुटायची वेळ आली की सर लाकडी पट्टी मध्ये घालून दोघांना वेगळं करायचे.

"ताकद वाढली काय त्याची? नाई वाढली. नांगी मोठी झाली? तेबी नाई. फक्त मागं हटाचं विसरला तो. उभा राह्यला म्हंजे जिंकला असं नसते, पोट्टेहो."

सेरोटोनिन हे नाव आता मोबाइलवर आनंदाचं रसायन म्हणून फिरतं. सरांना त्याचा भारी संताप. "आनंद-गिनंद काई नाई. खेकड्याले कायचा आनंद? एका नसेनं दुसऱ्या नसेले धाडलेला निरोप हाये तो. निरोप कोनाले भेटला, त्याच्यावर हाये पुढं काय होईन ते." हे मात्र ते फार गंभीरपणे सांगायचे. बाहेरच्या देशांत झिंग्यांच्या जातभाईंवर असं काम झालेलं आहे की तेच सेरोटोनिन हरलेल्याच्या नसेत, म्हणजे मज्जातंतूत, एक परिणाम करतं आणि जिंकलेल्याच्या नसेत त्याच्या उलट. आणि जो प्राणी खरोखर जिंकतो, जिंकून वरच राहतो, त्याच्या नसाच हळूहळू बदलतात. आपल्या ओढ्यातल्या खेकड्यांतही तसंच होतं का, हे शोधण्यात सरांचं आयुष्य चाललं होतं. त्यांचं एक वाक्य विभागात सगळ्यांना पाठ होतं: "जिंकलेल्याले इंजेक्शन लागत नाई. त्याची नस त्याले पुरते."

दुसरंही एक वाक्य होतं. खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो, आणि नवं टणक होईपर्यंत काही दिवस आतून-बाहेरून मऊ असतो. त्या दिवसांत कुणीही त्याला सहज फाडून खाईल. गंमत अशी की असा मऊ खेकडाही कुणी समोर आलं की नांग्या उगारतो, अगदी दगडासारखा टणक असल्याचा आव आणून. मुलं वरवर पाहून वहीत 'आक्रमक, सुदृढ' असं लिहून मोकळी व्हायची. सर त्यांच्या हातून पेन काढून घ्यायचे. "पाहून नको सांगू. दाबून सांग." मग मागच्या बाजूने, नांगी पोचणार नाही अशा बेताने, पाठीवर अंगठा ठेवायचा. मऊ लागलं की सर समाधानाने मान हलवायचे आणि तो खेकडा वेगळ्या टबात, एकटा ठेवायचे. "ह्याले आता भांडण नाई पाह्यजे. ह्याले आडोसा पाह्यजे."

निखिल हा सरांचा एकुलता मुलगा. अकोल्याला शेतकी शिकायला होता तेव्हा रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. उंच, सडसडीत, बोलायला कमी. पातोडीची भाजी केली की रस्सा ओरपून खायचा, आपलं ताट स्वतः विसळायचा आणि वाचलेलं वर्तमानपत्र पुन्हा घडीवर घडी घालून कोरं असल्यासारखं ठेवायचा. मला मावशी म्हणायचा. बापाची थट्टा करायला मात्र त्याची जीभ चालायची. "मावशी, आमचे बाबा माणसाले खेकडा समजतात आन् खेकड्याले माणूस. लहानपनी मी कॅरम हारून घरी आलो तरी त्यायले दारातच समजे. मंग मी गल्लीच्या तोंडाशीच हात फाकवून चालाची प्रॅक्टिस करू." आम्ही हसलो होतो. जेवणाच्या टेबलावर त्याने ते करूनही दाखवलं होतं.

शिक्षण संपल्यावर तो स्पर्धा परीक्षांच्या मागे लागला आणि तिथेच त्याचं काहीतरी तुटलं. आधी अभ्यासाला म्हणून खोलीत बसायचा, मग नुसताच बसायला लागला. आंघोळ नाही, दाढी नाही, पंखा बंद करून भर उन्हाळ्यात भिंतीकडे तोंड करून पडायचा. सुमनकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, नवस केले. तिवशाचे नातेवाईक येऊन सल्ला देऊन गेले की लगन करून टाका, पोट्टा ठिकाणावर येते. सरांनी त्यांना चहा पाजला आणि स्पष्ट सांगितलं की पोराला ताप असता तर तुम्ही लगन सुचवलं नसतं. दुसऱ्या दिवशी ते निखिलला घेऊन मनोविकाराच्या डॉक्टरांकडे गेले. आमच्या भागात शिकली-सवरलेली माणसंसुद्धा ही पायरी चढायला कचरतात, चारचौघांत कळेल म्हणून. सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगितलं. "माह्या पोराले डिप्रेशन हाये. दवा चालू केली." हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते आहे, कारण पुढचं लिहिताना मला त्यांचा राग येणार आहे.

गोळी कोणती ते कळल्यावर सरांचा आनंद मागच्या खोलीत मावेना. "मॅडम, माह्या खेकड्याचाच निरोप हाये हा. गोळी बाहेरून काई टाकत नाई, नसेनं धाडलेला निरोप लवकर पुसू देत नाई, बस." टबावरची पोती भिजवता भिजवता ते तासभर मला समजावत राहिले. इतकी वर्षं ज्या रसायनामागे धावले तेच आज पोराच्या उशाशी आलं, याचं त्यांना कौतुक वाटत होतं. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या, त्याही त्यांनीच मला सांगितल्या. बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःहून थांबवायची नाही. थांबवायची वेळ आली की डॉक्टर सांगतील, आणि तीही हळूहळू. आणि पोराशी बोलत राहायचं.

निखिल सुधारला. हिवाळ्यापर्यंत तो उठून बसला, मग हिंडू-फिरू लागला, आणि मग मोर्शीला संत्र्यांच्या कलमांच्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली. मोटरसायकलवरून बागांमधून फिरायचं, झाडं पाहायची, बागायतदारांना सल्ला द्यायचा. तिथेच खोली घेतली, शनिवारी घरी. सर पेढे घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी कोणाच्याही कोपरांकडे पाहिलं नाही, स्वतःचीच एवढी फाकली होती.

मे महिन्यात मी मागच्या खोलीत गेले तेव्हा ते पोत्यांवर पाणी शिंपडत होते.

"निखिलची गोळी बंद केली," ते म्हणाले, पाठमोरेच.

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर काय सांगन? त्यानं कोपरं पाह्यली काय त्याची?" सर वळले. हातातला मग खाली ठेवून त्यांनी मला करून दाखवलं, छाती पुढे, मान ताठ, कोपरं अंगापासून दूर. "शनिवारी मोर्शीवून आला, गाडीवरून उतरला तं असा. पोट्टा जिंकला मॅडम. नोकरी लागली, लोक त्याले विचारून झाडं लावतात. आता त्याची नस त्याले पुरते. त्यालेबी नकोच होती, गोळीनं झापड येते, उन्हात गाडी चालवा लागते त्याले."

मी म्हटलं, सर, डॉक्टरांना एक फोन तरी करा.

"तुमी अकोलेवाले लय फोन करता," ते हसून म्हणाले आणि पुन्हा मग उचलला.

मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि मी आणखी दोनदा विषय काढला. पण सरांच्या ठायी विद्वत्ता आणि बापाचा आनंद एकत्र आले होते, तिथे माझं काय चालणार? दुसरा कोणी बाप असता तर डॉक्टरांचं मुकाट्याने ऐकून गप्प बसला असता. सरांकडे डॉक्टरांना उत्तर द्यायला शास्त्र होतं. ते शास्त्र खोटंही नव्हतं, पण होतं टबातलं.

पोळ्याला निखिल घरी आला. काकूंनी पुरणपोळी केली होती. शेजारच्यांची बैलजोडी दारात आली, तिच्याबरोबर निखिलचा फोटो काढला, तो अजून काकूंच्या फोनमध्ये आहे. त्यात तो हसतो आहे. दोन्ही हात कमरेवर, कोपरं बाहेर.

दुसऱ्या दिवशी निखिल गेला. त्याने आपणच जीव संपवला. कसा, ते मी लिहिणार नाही; काकूंनी माझ्याजवळ तेवढंच मागितलं.

मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं आणि जो तो हेच सांगत होता की काल तर हसत होता, चांगला ताठ चालत होता. सर एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, मान खाली, माणूस अर्ध्या जागेत मावला होता. माझी चप्पल त्यांनी ओळखली असावी, कारण वर न पाहताच बोलले.

"मॅडम, मी दाबून नाई पाह्यलं."

 मी शेजारी जमिनीवर बसले. ते पुन्हा म्हणाले, "खेकड्याले मालूम नसते कोनी पाहून राह्यलं म्हून. पोराले मालूम होतं. त्याले लहानपनापासून मालूम होतं बाप काय पाहते ते. म्हून तो तेच दाखवत राह्यला मले. मी खुश होवो म्हून."

मला जेवणाच्या टेबलावरचा निखिल आठवला, हात फाकवून चालून दाखवणारा. त्यावर मीही हसले होते.

डॉक्टर घरी येऊन गेले. माणूस कोणत्या एका कारणाने जात नाही, गोळी चालू असती तर वाचलाच असता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, असं ते सरांना म्हणाले. भले गृहस्थ होते. सरांनी ऐकून घेतलं, हात जोडले. त्यांनी ते स्वीकारलं नाही हे मला दिसत होतं आणि खरं सांगायचं तर मीही पूर्ण स्वीकारलेलं नाही. मला सरांचा राग आहे, आजही आहे. शिकलेल्या माणसाने एक फोन करायचा आळस केला असं नाही. त्याला फोनची गरजच वाटली नाही, याचा राग आहे. आणि त्यांच्याइतकी माया मला त्या कॉलेजात दुसऱ्या कोणी लावलेली नाही, तेव्हा तो राग मी कुठे नेऊन ठेवू ते मला कळत नाही.

महिन्याभराने सर कामावर आले. स्टाफरूमच्या दारातून आत येताना आता ते फरशीकडे पाहायचे. एकदा एका नव्या प्राध्यापकाने वातावरण हलकं करायला म्हणून विचारलं, "काय सर, आज कोण हरून आलंय?"  सर शांतपणे म्हणाले, "मले काई ओयखू येत नाई बाप्पा. मले कधीच येत नव्हतं." आणि पाणी प्यायले.

टबांतली मारामारी त्यांनी बंद केली. खेकड्यांना खाऊ घालायचे, पाणी बदलायचे, इंजेक्शनची सुई मात्र पुन्हा हातात धरली नाही. निवृत्तीच्या आधी एका सकाळी त्यांनी सगळे खेकडे बादल्यांत भरले आणि मला म्हणाले, चला. आम्ही परतवाड्याच्या पुढे ओढ्यावर गेलो. सर पँट दुमडून पाण्यात उतरले आणि एकेका खेकड्याला पाठीवर अंगठा ठेवून पाहू लागले. टणक लागला की सोडायचे. एक मऊ निघाला. त्याला त्यांनी ओंजळीत धरून ओढ्याच्या कडेने बरंच वर नेलं, दोन दगडांच्या फटीत ठेवलं, पुढे आणखी एक दगड लावला आणि तिथेच उकिडवे बसून राहिले. ऊन चढलं तरी उठेनात. मी काठावर उभी राहून वाट पाहत होते, आणि रिकाम्या बादल्या उन्हात तापत होत्या.

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत त्यांच्या पोटात गाठ निघाली. कळलं तेव्हा फार पुढे गेलेली होती. नागपूरला नेऊन आणलं, मग घरीच ठेवलं. मी कॉलेज सुटल्यावर गाडीच्या आधी तासभर जाऊन बसायची. काकू दार उघडायच्या, त्यांच्या चेहऱ्यावरून आत कसं आहे ते कळायचं. त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"आज लय बरे दिसून राह्यले. उठून बसले हायेत. मले म्हने, साखर कमी टाकजो चहात."

मी आत गेले. सर दिवाणावर, भिंतीला न टेकता, ताठ बसले होते. दोन्ही बाजूंना एकेक उशी, त्यांवर कोपरं टेकवून बाहेर फाकवलेली. छाती पुढे काढलेली. नवा शर्ट, वरची गुंडी लावलेली. कपाळावर घामाचे थेंब होते. मी जवळ जाऊन बसायला लागले तेव्हा ते ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"मॅडम, दाबून पाहू नका."

स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या. काकू काहीतरी गुणगुणत होत्या. निखिल गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

"तिले बरं वाटते मले असं पाहून," ते म्हणाले. "राहू द्या."

मला त्या क्षणी त्यांचा जो राग आला तसा त्या मे महिन्यातही आला नव्हता. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला जे बोलू नये ते मी बोलले. "निखिलने हेच केलं ना, सर? तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले. नाही म्हणाले नाहीत.

मी उठून काकूंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, हसऱ्या चेहऱ्याने. मी त्यांना दंडाला धरून दिवाणावर सरांच्या मागे बसवलं. म्हटलं, "काकू, पाठीवर हात ठेवा त्यांच्या. नुसतं पाहू नका." त्यांना काही कळेना. त्यांनी भीत भीत तळवा ठेवला, शर्टावरूनच, आणि मग दुसराही ठेवला. त्यांच्या हाताला काय लागलं ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"एवढे वायले तुमी? हाडंच लागून राह्यली हाताले." त्या म्हणाल्या. "दुखून राह्यलं तुमाले? मले सांगतलं काहून नाई?"

सरांचं एक कोपर उशीवरून घसरलं, मग दुसरं. ताठ मान खाली आली आणि सगळं अंग मागे, काकूंच्या हातांवर रेललं. "लय दुखते सुमन," ते म्हणाले. "लय दुखते."

मी स्वयंपाकघरात जाऊन उतू जाणाऱ्या चहाखालचा गॅस बंद केला आणि बाहेर पायऱ्यांवर बसले. त्या दिवशी माझी गाडी चुकली.

सर दिवाळीच्या आधी गेले. त्या दुपारनंतर त्यांनी एकदाही ताठ बसायचा प्रयत्न केला नाही, असं काकू सांगतात. दुखलं की दुखतं म्हणायचे, निखिलची आठवण आली की त्याचं नाव घेऊन मोठ्याने रडायचे, आणि काकू मागे बसून त्यांच्या पाठीवरचा हात काढायच्या नाहीत.